पोलिसांत जाऊं पाहणाऱ्या पोरांस आणि त्यांच्या आईबापांस

पहांटे पांच वाजतां चोपड्याहून यावलच्या, शिरपूरच्या, नाहीं तर धरणगांवच्या रस्त्यानें जा. मैला-दोन मैलांवर दहा-पांच पोरांचें टोळकें धांवतांना दिसेल. कोणाच्या पायांत बूट, कोणी अनवाणी, कोणाच्या गळ्याभोंवतीं बापाचा जुना टॉवेल. हीं आमचींच पोरें आहेत. कुणब्यांचीं, गुजरांचीं, माळ्यांचीं, कोळ्यांचीं, सुतारांचीं, भिल्लांचीं, पावऱ्यांचीं, तडव्यांचीं. कशासाठीं धांवतां म्हणून विचारलें तर उत्तर एकच: भरती. आणि पारावर बसलेल्या बापास विचाराल तर तो म्हणेल, "भाऊ, पोऱ्या पोलिसमा लागना म्हंजे गंगामा न्हायनूत."

ह्या आशेला आम्ही हंसत नाहीं. केळीचा भाव व्यापाऱ्याच्या हातीं, कपाशीचा भाव बाजाराच्या हातीं, सुताराचें काम तयार फर्निचरच्या दुकानानें खाल्लें. अशा घरांत दरमहा ठरलेला पगार येणें ही केवढी मोठी गोष्ट आहे, हें आम्हांस कोणी शिकवावयास नको. पण आशेचाही हिशेब मांडला पाहिजे. २०२४ सालीं राज्यांत शिपाई, चालक, राखीव दल, कारागृह वगैरे मिळून १७,४७१ जागांची भरती झाली, आणि अर्ज आले सतरा लाखांच्या वर. एका जागेस शंभर उमेदवार. एकाच्या घरीं पेढे वाटले, नव्याण्णवांच्या घरीं चूल नेहमींसारखीच पेटली. त्या नव्याण्णवांत पायानें मागें पडलेले असतील ते असोत. पायानें पुढें असून कागदावर मागें पडलेल्यांबद्दल मात्र कोणी बोलत नाहीं. आम्हांस त्यांच्याचबद्दल बोलावयाचें आहे. चवदा वर्षांच्या पोराला पोलीस करावयाचा असेल तर त्याच्या पायांची जेवढी काळजी घ्याल, त्याहून अधिक त्याच्या हातांतल्या लेखणीची घ्या.

ही गोष्ट आम्हांस आज सुचली असें नाहीं. चोपड्याहून दक्षिणेस तापी ओलांडली कीं धरणगांव लागतें. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या हातीं गेला, तेव्हां डोंगरांतल्या भिल्लांनीं त्यांस कित्येक वर्षें स्वस्थ बसूं दिलें नाहीं. फौजा पाठविल्या, नाईकांस धरलें, शिक्षा दिल्या, तरी कांहीं होईना. शेवटीं १८२५ सालीं औट्रम नांवाच्या बावीस वर्षांच्या गोऱ्या अंमलदारानें त्याच भिल्लांस बंदुका देऊन सरकारी चाकरींत घेण्यास सुरुवात केली. धरणगांवास त्या भिल्ल पलटणीचें ठाणें झालें. ज्यांस कालपर्यंत दरोडेखोर म्हणून रानोमाळ हुसकावलें, त्यांच्याच जिवावर पुढें खानदेशचा बंदोबस्त चालला, आणि १८९१ सालीं ती पलटण पोलीस खात्यांत मिळविली गेली. (पगार घेतला म्हणून सर्वांनीं मान विकली असेंही नाहीं. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ सालीं सरकाराविरुद्ध उभा राहिला, हें आमच्या पोरांना ठाऊक असावें.)

तेव्हां आमच्या लोकांच्या अंगीं जोर नव्हता, धाडस नव्हतें, राखण करण्याची अक्कल नव्हती, असें कोणी म्हणूं नये. गांवचे जागले भिल्ल, कोळी, महार. पाटील कुणबी-मराठा. खळ्यावरची रास आणि वेशीवरचा रस्ता सांभाळणारे सारे आमचेच. मग उणें काय होतें? दप्तर. चोर कसा आला, कोठून गेला तें जागल्या सांगे. कागदावर मजकूर कुळकर्णी लिही. कचेरींत तो कारकून वाची. आणि साहेबापुढें जाई तो कागद. ज्यानें रात्र जागून काढली त्याचा आंगठा आणि मजकूर दुसऱ्याचा, अशी ती वहिवाट होती.

कागदाचा मार किती खोल बसतो हें पाहावयाचें असेल तर पारध्याच्या पालावर जा. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें कायदा करून जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार म्हणून लिहून टाकल्या; १९११ च्या कायद्यानें तें लिहिणें साऱ्या हिंदुस्थानास लागू झालें. बाळ पाळण्यांत असतां त्याचें नांव पोलिसाच्या वहींत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा गेला. पण गांवाच्या डोक्यांतली वही अजून फाडली गेली नाहीं. आजही पारध्याच्या पोरानें भरतीचा अर्ज भरला तर हंसणारे लोक आहेत. आम्हांस विचाराल तर त्या पोरानें तो अर्ज अवश्य भरावा, आणि हंसणाऱ्याच्या घरीं चोरी झाली तर पंचनाम्यास त्यानेंच जावें.

आतां आजचा पोलीस दिवसभर काय करतो तें पाहा. सिनेमांतला पोलीस गाडीवरून उडी मारतो. ठाण्यांतला पोलीस लिहितो. खबर लिहितो, जबाब लिहितो, पंचनामा लिहितो, समन्स पोंचल्याची नोंद करतो, आणि आतां हें पुष्कळसें यंत्रावर टंकितो. १ जुलै २०२४ पासून १८६० सालचा जुना दंडविधान कायदा जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्याबरोबर आलेल्या कार्यपद्धतीच्या कायद्यानें झडती आणि जप्तीचें चित्रण करणेंही सक्तीचें झालें. म्हणजे लिहिण्याचें काम कमी झालें नाहीं, वाढलें.

एक साधा दाखला घेऊं, असा प्रकार कोणत्याही शिवारांत घडूं शकतो. विहिरीवरची मोटार रातोरात चोरीस गेली. सकाळीं शेतकरी ठाण्यांत गेला, दुपारीं हवालदार व शिपाई बांधावर आले. शिपायानें लिहिलें, "मोटार चोरीस गेली, किंमत अंदाजे." झालें. कोणत्या कंपनीची, किती अश्वशक्तीची, पाटीवरचा नंबर काय, पाइप कापला कीं खोलला, केबल किती फूट नेली, बैलगाडीचा माग आहे कीं चाकांचा, तो कोणत्या दिशेस गेला, शेजारच्या शेतावर त्या रात्रीं पाणी भरावयास कोण होतें, हें कांहीं नाहीं. तीन महिन्यांनीं भंगारवाल्याकडे चार मोटारी सांपडल्या. ह्यांत तुझी कोणती? शेतकरी बोट दाखवितो; पण न्यायालय बोटावर निकाल देत नाहीं, कागदावर देतें. कागद मुका. चोर सुटला. शेतकरी घरीं येऊन म्हणाला, पोलिसांनीं पैसे खाल्ले. कदाचित् खाल्लेही नसतील. शिपायास लिहितां येत नव्हतें इतकेंच असेल. परंतु मोटार दोन्हीं प्रकारें गेलीच.

हाच प्रकार बाईच्या जबाबाचा. सासरीं मार खाल्लेली आमची लेक ठाण्यांत जाऊन अहिराणींत बोलते, तिची भिल्ल शेजारीण साक्ष देते ती भिल्लींत. लिहिणारा मराठींत लिहितो. मधल्या मधें एखादा शब्द गळला, "लोटलें" चें "लागलें" झालें, कीं खटल्याचें रूप पालटतें. अशा वेळीं टेबलापलीकडे आमच्याच भाषेंत ऐकणारा आणि नीट मराठींत लिहिणारा शिपाई बसलेला असणें म्हणजे काय, हें त्या लेकीस विचारावें.

सरकारनेंही गुण ठरवितांना हेंच धरलेलें आहे. आमचींच पोरें तिकडे पाहत नाहींत. शिपायास बारावी पास असावें लागतें. मैदानाला ५० गुण, लेखीला १०० गुण. मैदानांत निदान निम्मे गुण मिळाले तर पुढें जातां येतें, आणि त्यांतून एका जागेस दहा ह्या प्रमाणांत लेखीस बोलावतात. लेखीचा वेळ दीड तास; विषय अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता आणि मराठी व्याकरण; निदान ४० गुण तरी हवेत. आतां तुम्हीच हिशेब करा. पोर पहांटे दोन तास पन्नास गुणांसाठीं धांवतें, आणि शंभर गुणांसाठीं जाहिरात निघाल्यावर बाजारांतून एक जाड पुस्तक विकत घेतें. व्याकरण, त्रैराशिक, शेंकडेवारी हीं कांहीं दोन महिन्यांत रटावयाचीं कामें नव्हेत. तीं आठवी-नववींत पक्कीं होतात, नाहीं तर होतच नाहींत.

मग घरीं काय करावें? शिकवणीचा मास्तर ठेवण्याची ऐपत नसली तरी पुष्कळ करतां येतें. सोसायटीच्या कर्जाचें व्याज पोराकडून काढवा. खताच्या दुकानाची पावती, केळीच्या काट्याची चिठ्ठी, आडत, हमाली, तूट हें सर्व त्याच्यापुढें टाका आणि हातीं किती आले तें विचारा. परीक्षेंतलें गणित ह्याहून फार निराळें नसतें. रोज वर्तमानपत्राचें एक पान मोठ्यानें वाचून दाखवावयास लावा. घरांतल्या म्हाताऱ्यालाही त्याचा उपयोग.

आणि एक वही करा. रोज संध्याकाळीं पोरानें एक पान लिहावें: आज गांवांत, शेतांत, शाळेंत काय घडलें. कोण, कोठें, किती वाजतां, कशानें, कोणी पाहिलें. आपलें मत लिहूं नये, "बहुतेक" लिहूं नये. बाजाराच्या दिवशीं दोघांचें भांडण झालें तर पहिला हात कोणी उचलला तें लिहावें. दिसलें नसेल तर दिसलें नाहीं असें लिहावें. मग तें बापाला वाचून दाखवावें. बापाला अक्षर येत नसलें तरी चालेल. तो तेथें होता, तो म्हणेल, "नाहीं रे, बैलाचा कासरा तुटला होता, कोणी सोडला नव्हता." पोरानें खोडून पुन्हा लिहावें. असें चार वर्षें केलेलें पोर मराठीच्या पेपराला भीत नाहीं, आणि नोकरीस लागल्यावर त्याचा पंचनामा वकिलाच्या फटकाऱ्यानें फाटत नाहीं. अडाणी आईबापांनींही परीक्षक व्हावें असा हा एकच अभ्यास आम्हांस ठाऊक आहे.

भाषेबद्दल आणखी एक. शाळेंत अहिराणी किंवा पावरी बोलल्याबद्दल आमच्या पोरांस हिणवितात, आणि पोरें लाजून आपली बोली टाकतात. टाकूं नका. प्रमाण मराठी शिका, चांगली शिका, पण घरची बोली जपा. चोपड्याच्या उत्तरेस सातपुडा आहे आणि त्यापलीकडे मध्यप्रदेश. उमर्टीच्या बाजूनें चालणाऱ्या गावठी पिस्तुलांच्या धंद्याच्या बातम्या तुम्ही वाचतच असाल. अशा मुलखांत पाड्यावर जाऊन पावरींत दोन शब्द बोलणारा शिपाई जें काम करील, तें गाडी भरून आलेल्या परक्या माणसांकडून होणार नाहीं. त्यांना पाहून पाडा गप्प होतो.

आतां शरीराबद्दल. पुरुषास उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवितां ७९ व फुगवून पांच अधिक. स्त्रीस उंची १५५. उंची आईबाप आणि लहानपणचें अन्न ठरवितें, ती भरतीच्या वर्षीं वाढत नाहीं. म्हणून पोर वाढीस लागलें कीं त्याच्या ताटांतलें दूध डेअरीला घालतांना एक पेला मागें ठेवा. कळण्याची भाकरी, डाळ, शेंगदाणे, हरभरा, खात असाल तर अंडीं. एवढ्यावर धांवणारें शरीर तयार होतें. डब्यांतल्या महागड्या पुडी आणि तालमींत कानांत सांगितलेल्या सुया यांस हात लावूं नका. सुई टोचून एक दिवस पळतां येईल. यकृत आणि काळीज मात्र जन्मभर एकच असतें.

१६०० मीटर ५ मिनिटें १० सेकंदांत धांवलें तर पुरे वीस गुण, असें अलीकडच्या भरतीचें माप आहे. १०० मीटर आणि गोळाफेंक यांना पंधरा-पंधरा. तें माप अठराव्या वर्षीं गांठावयाचें आहे, चवदाव्या वर्षीं नव्हे. लहान पोरानें आठवड्यांतून चार दिवस हळूं धांवावें, एक दिवस जोरानें, आणि विसांवा चुकवूं नये. नडगी दुखूं लागली तर थांबावें. सव्वासात किलोचा गोळा पंधराव्या वर्षींच फेंकूं लागलीं तर खांदा आणि कंबर कायमचीं जातील. हलक्यानें सुरुवात करावी. डांबरी रस्त्यापेक्षां शाळेचें मैदान किंवा कापणी झालेलें शेत बरें: गुडघे राहतात, आणि केळीच्या मालमोटारीखालीं जाण्याचें भय नाहीं. आमच्याकडे वैशाखांत ऊन पंचेचाळीस अंशांपर्यंत जातें. उन्हांत पळून जोम दाखविण्यांत शहाणपण नाहीं. जून २०२४ मध्यें राखीव दलाच्या भरतींत पांच किलोमीटरच्या धांवेंत एक तरुण उमेदवार मरण पावला. वर्षभर बसून राहून शेवटच्या महिन्यांत जीव काढणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. डोळे आणि पायांचे तळवे दहावीच्या आधींच सरकारी दवाखान्यांत दाखवून घ्या. वैद्यकीय तपासणींत शेवटीं नाकारलें जाण्यापेक्षां आधीं कळलेलें बरें.

ह्या सगळ्यांत मुलीचें नांव कोणी घेत नाहीं. राज्याच्या नोकऱ्यांत स्त्रियांस तीस टक्के जागा राखीव आहेत, पोलिसांतही. त्यांना १६०० च्या जागीं ८०० मीटर, आणि गोळा चार किलोचा. पण मुलगी पहांटे धांवूं लागली तर गांव बोलतें, आणि गांव बोलण्याच्या आंत बाप तिचें लग्न उरकतो. बारावी आणि अठरा वर्षें पुरीं होण्याआधीं जिला उजविली तिची भरती तेथेंच संपली. जी बाई डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन डोंगर उतरते, जी निंदणीला दिवसभर वांकते, तिच्या लेकीस धांवण्याचा शीण होईल म्हणणाऱ्यांची आम्हांस गंमत वाटते. तीन-चार मैत्रिणी मिळून धांवल्या आणि एखादी आई बांधावर उभी राहिली तर गांवाचें तोंड महिन्याभरांत थकतें. ठाण्यांत बाई शिपाई असती तर सांगितलें असतें, असें म्हणून किती बायका घरींच रडून गप्प बसल्या, याचा हिशेब कोणत्या दप्तरांत आहे?

नंतर चारित्र्याची पडताळणी. येथें आमचीं पोरें आपल्या हातानें पायावर धोंडा पाडून घेतात. निवडणुकींत, मिरवणुकींत, दोन पुढाऱ्यांच्या भांडणांत आमच्या पोरांच्या हातीं दगड दिले जातात. पुढारी जामिनावर सुटतो आणि पोराच्या नांवापुढें गुन्हा राहतो. मोबाईलवर दुसऱ्या जातीधर्माबद्दल शिवी टाकणें हाही आतां गुन्ह्याचाच रस्ता झाला आहे. पोलीस होऊं पाहणाऱ्यानें अशा गर्दीच्या वाऱ्यालाही उभें राहूं नये. पण भिल्ल-पारध्यांच्या पोरांवर नुसत्या संशयानेंही नांव चढतें, हें आम्ही जाणतों. असें झालें असेल तर लपवूं नये. खरी माहिती दडविणें हाच पुष्कळदां नोकरी जाण्यास कारण होतो. अवतार सिंग खटल्यांत २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बजावलें आहे कीं, अर्जांत विचारलेली माहिती खरी द्यावी, आणि ती खरी दिली असतां गुन्ह्याचें स्वरूप पाहून अधिकाऱ्यांनीं विचार करावा. अठराच्या आंतल्या बालकाचें प्रकरण बालन्यायाच्या २०१५ च्या कायद्यान्वयें चाललें असेल, तर तेवढ्यावरून त्याला सामान्यतः पुढें अपात्र धरतां येत नाहीं. हें वकिलास विचारून पक्कें करावें. चहाच्या टपरीवरच्या सल्ल्यावर राहूं नये.

टपरीवरून आठवलें. "माझी वर ओळख आहे, पांच लाखांत काम होतें" असें सांगणारा माणूस प्रत्येक भरतींत उगवतो. अर्जाची फी खुल्या वर्गास साडेचारशें आणि मागासवर्गास साडेतीनशें रुपये होती. त्याहून एक रुपया कोणी मागितला तर तो चोर समजावा. अलीकडे धांवतांना पायाला चिप बांधून वेळ मोजतात, मैदानावर कॅमेरे असतात. दलाल करतो काय, तर दहा जणांकडून पैसे घेतो. त्यांतला एखादा आपल्या बळावर लागतो. त्याचे पैसे पचवितो आणि बाकीच्यांना वर्षभर झुलवितो. आणि समजा एखाद्यानें शेत गहाण टाकून वर्दी विकत घेतलीच, तर तो गहाण सोडविणार कोठून? आमच्याच खिशांतून. आठवड्याच्या बाजारांत हातगाडीवाल्यापासून वसुली करणारा शिपाई बहुधा कोणा शेतकऱ्याचाच पोरगा असतो, हें आम्हांस फार झोंबतें.

येथेंच आमच्या मनांतली खरी भीति आहे. पोरास वर्दी कशासाठीं हवी, हें आईबापांनीं त्यास चवदाव्या वर्षींच विचारावें. भाऊबंदकीच्या बांधाच्या भांडणांत चुलत्याला दम देण्यासाठीं? १९७२ सालीं तेव्हांच्या चंद्रपूर जिल्ह्यांत, देसाईगंजच्या ठाण्यांत, एका आदिवासी मुलीवर ठाण्यांतल्याच दोघां पोलिसांनीं हात टाकला. सर्वोच्च न्यायालयांतून ते सुटले. देशभर ओरड झाली. आणि १९८३ सालीं कायदा बदलावा लागला. ते दोघे भरतीच्या मैदानावर उत्तम पळाले असतील. त्याच राज्याच्या पोलिसांत सातारा जिल्ह्यांतल्या केडंबे गांवचे तुकाराम ओंबळे होते. २००८ च्या नोव्हेंबरांत गिरगांव चौपाटीवर हातांत नुसती लाठी असतां त्यांनीं अतिरेक्याच्या बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाहीं. त्यामुळें तो माणूस जिवंत सांपडला आणि खटला उभा राहिला. वर्दी दोघांचीही एकाच रंगाची.

अंगावर वर्दी आली कीं पहिली परीक्षा गांवच्याच माणसाकडून होते. एखाद्या दलिताची, भिल्लाची फिर्याद घेऊं नको म्हणून पाटलाचा, सरपंचाचा, मामाचा फोन येतो. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण कागदावरचा कायदा फिर्याद लिहिणाऱ्याच्या हातूनच पुढें सरकतो. मामाचें न ऐकणारा भाचा त्या घरांत वाढला असला पाहिजे. जेवतांना शेजारच्या वस्तीबद्दल तुम्ही काय बोलतां, तें पोर ऐकत असतें.

आणि लागलाच नाहीं तर? शंभरांतले नव्याण्णव लागत नाहींत, हें वर सांगितलें. वयाची मर्यादा खुल्या वर्गास २८, मागासांस ३३ म्हणून तोंवर फक्त धांवत राहणें हा घरावर अन्याय आहे. बारावीनंतर पदवीचें शिक्षण चालूं ठेवावें. पदवी असली कीं लोकसेवा आयोगाची उपनिरीक्षकाची परीक्षा देतां येते, आणि शिपाई झालेल्यासही खात्यांतर्गत परीक्षेनें ती वाट मोकळी आहे. त्याबरोबर तारेचें काम, मोटारीचें काम, सुतारकाम, जें घरचें असेल तें हातीं असूं द्यावें. त्या वहींत लिहिण्याची सवय झालेलें पोर कोठेंही उपाशी राहत नाहीं. ग्रामपंचायतींत, सोसायटींत, वकिलाकडे लिहिणारा माणूस लागतोच. धुळ्यास राखीव पोलीस दलाचा गट व प्रशिक्षण केंद्र आहे. एकदां पोराला नेऊन निदान बाहेरून तरी दाखवून आणा. त्याला कळूं द्या कीं ही दूरच्या मुलखांतली गोष्ट नव्हे.

राहतां राहिले दाखले. जातीचा दाखला, लागू असेल त्यांस नॉन-क्रीमीलेअर, जातवैधता, अधिवास, शाळा सोडल्याचा दाखला, हें सर्व जाहिरात आल्यावर गोळा करूं म्हणणारे दरसाल तारीख चुकवितात. शाहू महाराजांनीं १९०२ सालीं करवीर राज्यांत मागासलेल्यांस निम्म्या जागा ठेवल्या, तेव्हांपासून ही वाट कोणी ना कोणी आमच्यासाठीं उघडीत आला. दाराशीं जाऊन कागद नाहीं म्हणून परतावें, ही लाज आपली. दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारावर आणि जातीच्या दाखल्यावर पोराचें, बापाचें आणि आडनांवाचें लिहिणें एकसारखें आहे कीं नाहीं तें आजच कंदिलाखालीं, नाहीं तर मोबाईलच्या उजेडांत, तिन्ही कागद शेजारीं ठेवून पाहा. एका वेलांटीचा फरक असला तर शाळेंतच दुरुस्त करून घ्या. शाळा सुटल्यावर तीच दुरुस्ती दहा खेपांची होते. आणि दाखल्यांचें काम फेब्रुवारींत उरका. निकालानंतर तहसील कचेरीपुढें रांग लागते, आणि नेमकी त्याच वेळीं पेरणीही येते.